भाजीचा चौक, फळांचा चौक

बाबा, तुम्हाला मी आजवर एकही पत्र लिहिलेलं नाही. तुमच्यासाठी मात्र खूप लिहिलं. पाचवीत असल्यापासून तुमच्या रजेचे अर्ज मीच लिहीत होतो. एक शब्द जरी खोडला तरी तुम्ही नवा कागद द्यायचा. कारण ठरलेलं असायचं, घरगुती कामाकरिता. एकदा मी तुम्हाला न विचारता लिहिलं, 'कुटुंबासह चिखलदरा येथे फिरण्यास जाणे आहे', कारण ते खरं होतं. तुम्ही अर्ज दोनदा वाचलात आणि हसलात. "फिराले जातो म्हनून कोनी सुट्टी मागते का बे? साहेब काय म्हनतीन?" मी म्हणालो, मग दुसरं कारण टाकतो. त्यावर म्हणालात, "खोटं कायले लिहाचं?" अर्ज घडी होऊन खाकी शर्टाच्या खिशात गेला, तो साहेबांपर्यंत पोचला नाही, आणि आपण चिखलदऱ्याला गेलो नाही. तो कागद अजून माझ्यापाशी आहे. हे पत्र आता त्याच्याच पाठीमागे ठेवीन.

तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली, म्हणून मधलं थोडं सांगावं लागेल. बारावीत मी दोन विषयांत राहिलो आणि पुन्हा बसलो नाही. अमरावतीला एका केटररकडे कामाला लागलो. पोळ्यांपासून सुरुवात केली आणि आता सगळा स्वयंपाक येतो. इकडच्या लोकांच्या सहली परदेशात जातात तेव्हा सोबत आपला आचारी नेतात, कारण तिकडे वरण-भात मिळत नाही आणि दोन दिवसांत सगळ्यांचे चेहरे उतरतात. यंदा मला नेलं. आई पासपोर्ट उलटसुलट करून पाहत राहिली. निघताना तिने माझ्या बॅगेत तुमची ट्रॅफिक ड्युटीची पितळी शिट्टी टाकली. पट्टा, टोपी, बिल्ला ऑफिसने परत घेतलं होतं, शिट्टी तुम्ही स्वतःची घेतलेली म्हणून घरी राहिली होती. आई म्हणाली, "चुकलं-माकलं तर वाजवजो." मला हसू आलं. मग वाईट वाटलं, पण काढून ठेवली नाही.

इटलीत पादुआ म्हणून एक शहर आहे. व्हेनिस पाहायला येणाऱ्या सहली तिथे मुक्कामाला असतात. पहिल्याच दिवशी सकाळी मी वांगी आणायला ट्रामने गावात गेलो. मधोमध एक लांबच लांब जुनी इमारत आहे, छप्पर उलट्या नावेसारखं, खाली कमानी, कमानीत दुकानं, आणि पोटातून आरपार जाणारा दुकानांचा बोळ. इमारतीच्या एका अंगाला भाजीचा चौक आणि दुसऱ्या अंगाला फळांचा चौक. नावंच तशी आहेत, शेकडो वर्षांपासून. सकाळी तिथे आपल्या जुन्या शहरातल्या बाजारासारखीच दुकानं लागतात, वरून कापडाचं छत, समोर टोमॅटोचे ढीग, आणि बाया तशाच वांगं दाबून पाहतात. कोथिंबीर मात्र नव्हती. दुपारी सगळं उचलून नेतात, जागा पाण्याने धुतात, आणि संध्याकाळी त्याच फरशीवर खुर्च्या मांडून सगळं गाव येऊन बसतं.

ती संध्याकाळ पाहायची इच्छा सहलीतल्या नऊ जणांना झाली. आमच्या मॅनेजरचं पोट बिघडलं होतं. ते म्हणाले, "तू सकाळी जाऊन आला ना? रस्ता माहीत हाये तुले. घेऊन जाय, अन् मोजून आन." मी नऊ नावं कागदावर लिहून घेतली. त्यात अकोल्याजवळच्या गावाचे एक काका होते, सत्तरीच्या पुढचे, मुलीने एकट्याला पाठवलेले. धोतर नेसायचे, त्यावर मुलीने दिलेलं जाड जॅकेट. त्यांना शुगर होती. गोळी साडेसातला घ्यायचे आणि नंतर तासाभरात पोटात अन्न जावं लागायचं, नाहीतर चक्कर येऊन पडायचे. पॅरिसला एकदा पडले होते. म्हणून त्यांची पोळी-भाजी मी माझ्या पिशवीत डब्यात घेतली. भाजीच्या चौकात एक कारंजं आहे, तिथे उभं राहून मी सगळ्यांना सांगितलं, इथून हलू नका, चुकलात तर इथेच या. काकांनी ट्राममध्येच गोळी घेतली होती. मी म्हणालो, काका, दहा मिनिटांत डबा उघडू.

बाबा, त्या चौकात काय होतं ते तुम्हाला नीट सांगता आलं पाहिजे. एकही गाडी नाही. एकही हॉर्न नाही. पोरं-पोरी, म्हातारे, बाबागाडीतली लेकरं, कोणी पायरीवर, कोणी फरशीवर, नुसते बसलेले. दिव्यांचा पिवळा उजेड जुन्या दगडांवर पडलेला. कोणालाच कुठे जायचं नाही. प्रत्येकाच्या हातात केशरी रंगाचा मोठा ग्लास. आमच्यातल्या एक काकू वरुडकडच्या, घरचा संत्र्याचा बगिचा. त्या म्हणाल्या, "पाय बाई, इथंही संत्राच." आणि बोटं दाखवून चार ग्लास मागवले. एक घोट घेऊन त्यांनी निकाल दिला, "कच्चा तोडला वाटते. कडू हाये." दुसऱ्या घोटाला म्हणाल्या, "पन वाईट नाई." मी वास घेतला, ती दारू होती. हे सांगावं की नाही या विचारात मी उभा होतो, तेवढ्यात त्यांच्या यजमानांनी ग्लास रिकामा केला आणि म्हणाले, "आपल्या रसापरीस बरा हाये, डोकं हलकं झालं." सगळे हसले. मीही हसलो. मग सवयीने मोजलं, तर आठ भरले.

तुम्ही माझी कॉलर धरली होती तो दिवस मला तिथेच आठवला. मी चौथीत होतो, तुमच्या चौकात कुल्फीच्या गाडीपाशी वरात पाहत थांबलो होतो. तुम्ही रस्त्याच्या मधून, गाड्या थांबवत, सरळ माझ्याकडे आलात. "चौक पार कराचा असते. थांबाचा नसते. थांबला का तटलं." मारलं नाहीत, पण सगळ्यांसमोर हाताला धरून रस्ता ओलांडून दिलात. तेव्हापासून मी कुठल्याच चौकात थांबत नाही. अमरावतीत बायपासकडून येतानाही चहाला चौकाच्या अलीकडेच उतरतो. आणि तिथे एक अख्खं गाव चौकात थांबलं होतं, आणि माझा एक माणूस त्यात हरवला होता.

आठ जणांना कारंज्यापाशी उभं केलं. वरुडच्या काकू म्हणाल्या, "आता तं होते इथंच. पोरीचं गानं चालू होतं, ते आयकत होते." घड्याळात आठ वीस. म्हणजे गोळीला पन्नास मिनिटं झालेली. मी गल्ल्यांत गेलो. गल्लीतून दुसरी गल्ली फुटते, सगळीकडे तशाच कमानी, तशाच खुर्च्या, सगळीकडे हसणं. तिकडची भाषा मला येत नाही, इंग्रजी कामापुरतं. मोबाईलवर आमचा ग्रुप फोटो होता, त्यातलं धोतर बोटाने मोठं करून लोकांना दाखवायचो. लोक प्रेमाने पाहायचे, फोटो छान आहे असं काहीतरी म्हणायचे आणि परत आपल्या गप्पांत जायचे. त्यांची काही चूक नव्हती. इतक्या आनंदात असलेल्या माणसाला आपली भीती कशी समजावून सांगायची, हे मला कुठल्याच भाषेत येत नाही. काकांचा फोन लागत नव्हता. पिशवीतला डबा चालताना पायाला लागत होता. मनात सारखं दिसत होतं की ते कुठेतरी फरशीवर आडवे झालेत आणि लोकांना वाटतंय, म्हातारा झोपला.

परत चौकात आलो. पावणेनऊ. आठही जण कारंज्यापाशीच होते. एक जण म्हणाले, "मॅनेजरले फोन कर." मॅनेजर काय करणार होते? मी खिशात हात घातला तर शिट्टी हाताला लागली. जॅकेटमध्ये ती कधी ठेवली ते मला आठवत नाही. तुम्ही मला बोलावायला वेगळी वाजवायचा, दोन आखूड, एक लांब. काका अकोल्याकडचे, आयुष्यभर अशा शिट्ट्या ऐकलेले, त्या गर्दीत त्यांनी नक्की मान वर केली असती. मी शिट्टी तोंडाला लावली. पितळेची थंड चव आली. आणि समोरच्या टेबलावरच्या दोन मुलींनी माझ्याकडे पाहिलं. मी शिट्टी खाली घेतली. सगळा चौक वळून माझ्याकडे पाहील, एवढंच कारण होतं. पुन्हा मोबाईलवर तो फोटो उघडला आणि पुन्हा फिरलो.

शेवटी एका मुलीने ओळखलं. तिला त्या दिवशी पदवी मिळाली असावी, मित्र तिच्याभोवती गात होते. तिथे पदवी झाली की मित्र डोक्यावर तेजपानासारख्या पानांचा गोल हार घालतात आणि रात्रभर टर उडवतात. पण तिच्या डोक्यावर हार नव्हता. तिने फोटो पाहिला, खळखळून हसली आणि त्या लांब इमारतीच्या पोटातल्या बोळाकडे बोट दाखवलं. रात्री दुकानं बंद म्हणजे तो बोळही बंद असेल, असं मी धरून चाललो होतो. तो उघडा होता. वीस-पंचवीस पावलं. पलीकडे फळांचा चौक, तशीच इमारत, तशाच कमानी, तशाच पायऱ्या. आणि पायरीवर काका, धोतर सावरून, डोक्यावर तेजपानाचा हार, आजूबाजूला सात-आठ पोट्टे.

"आला का बे," काका म्हणाले. "किती वेळ लावला."

मी म्हणालो, काका, कारंज्यापाशी थांबायचं ठरलं होतं.

"कारंजं इथंच होतं, कोनी उचलून नेलं का काय, मले समजलं नाई." त्यांना वाटत होतं की ते त्याच चौकात आहेत, फक्त पाठ फिरवून. "म्हनून बसून राह्यलो. बजारात चुकलेल्या मानसानं जागेवर बसाचं असते. त्यानंही फिरलं अन् शोधनाऱ्यानंही फिरलं तं भेट होत नाई. लहानपनापासून मायनं हेच शिकोलं." बोलताना त्यांचा आवाज जड येत होता. कपाळावर घाम होता, हात थरथरत होता. हाराखालून घाम गळत असताना ते पोरांकडे पाहून हसत होते. मी तिथेच डबा उघडला. पहिला घास मीच मोडून दिला. एका पोराने पाण्याची बाटली पुढे केली.

चार-पाच घासांनंतर त्यांचा रंग परत आला. मी वरुडच्या काकूंना फोन करून सांगितलं की सापडले, जेवून येतो. काका म्हणाले, "बस ना. उभा काहून हायेस? गाड्या येऊन राहिल्या का इथं?" मी पायरीवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा चौकात बसलो, बाबा. पोरं गात होती. एकाने काकांना विचारलं की तुम्ही कशात पदवी घेतली, दुसऱ्याने ते मला इंग्रजीत सांगितलं, मी काकांना मराठीत. काका पोळी चावत म्हणाले, "कापसात." ते त्यांना पुन्हा सांगितल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटं असतील. वर काळं आभाळ, खाली पिवळे दगड, मला काहीच करायचं नव्हतं. हे सुख आहे हे कळत होतं आणि ते घ्यायचं कसं ते कळत नव्हतं. मी सारखा घड्याळ पाहत होतो.

उठताना काका म्हणाले, "हाक तरी माराची ना बे. बोळाच्या त्या अंगालेच तं होतो. आयकू आली असती."

मी म्हणालो, "मारली होती काका. गर्दी होती."

ते म्हणाले, "हो, गर्दी तं होतीच." आणि हार नीट धरून माझ्या खांद्याला टेकत चालू लागले. परतीची ट्राम मिळाली. ट्राममध्ये मी नऊ वेळा मोजलं.

आल्यापासून पंधरा दिवस झाले, इथे खोलीवर बसून हे तिसऱ्यांदा स्वच्छ लिहून काढतोय, कारण दोन कागद खोडले गेले. तुमच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट आहे. मी ट्यूशनच्या मुलांबरोबर तुमच्या चौकातून सायकलने चाललो होतो. रात्री जेवताना तुम्ही म्हणालात, "आज ड्युटी लवकर सुटली होती. शिट्टी वाजवली तुले. आयकू नाई आली?" मी नाही म्हणालो. तुम्ही म्हणालात, "ट्रॅफिक होता, कशी येईन." मग पोळी मोडता मोडता, "दोन कुल्फ्या घेतल्या होत्या. म्हटलं तिथंच बसू गाडीपाशी. एक खाल्ली म्या. एक पाघळली." आईने आणखी भाजी हवी का विचारलं, आणि विषय संपला.

दोन आखूड, एक लांब. चौकात तेव्हा लाल दिवा होता, सगळ्या गाड्या थांबलेल्या होत्या, आवाज नव्हता. सोबत ती मुलं होती. बाबा, मला ऐकू आली होती.