भिशीतली टाकी

आई, कांजूरच्या गाळ्यातल्या तिसऱ्या टाकीतली पहिली बियर आज निघाली. हो, बियर. मीच करते आणि मीच विकते. बाबांच्या बाटल्या मोरीत ओतणाऱ्या बाईची लेक मी! तू गेलीस तेव्हा मी औषधांच्या कंपनीत होते, त्यामुळे हे तुझ्या कानावर घालायची वेळच आली नाही. सुटले, असं तेव्हा वाटलं.

धंदा झकास चाललाय गं. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतची हॉटेलं मागतात आणि मला पुरवता येत नाही. बियरला आंबायला आठवडे लागतात, तोवर टाकी अडकून बसते. लहानपणी आंबोळीच्या पिठावरचं झाकण काढून बघितलं की तू हातावर पळी मारायचीस, "आंबाक दी गो त्येका!" आता मी कामगारांवर हेच ओरडते, फक्त हातात पळी नसते. तर, मोठी टाकी हवी होती. बँकेतला साहेब म्हणाला, कर्ज देतो, पण तुमचा हिस्सा आधी भरा. तेवढे माझ्याकडे नव्हते. "मग आईची खोली तारण ठेवा ना," तो म्हणाला, अगदी सहज. मी उठूनच आले.

शेवटी तुझ्या भिशीत गेले. तुझ्या जागी अजून मीच भरते. नियमही तुझाच चाललाय: नड असेल तिने सगळ्यांसमोर उभं राहून ती सांगायची, पटली तर चिठ्ठी न काढता पैसे तिला. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचं लग्न. बँकेत मी सारखं 'पेय उद्योग' म्हणत होते, इथे जीभच वळेना. "टाकी घ्यायची आहे," म्हटलं. "पाण्याची?" समोरच्या खोलीतल्या काकूंनी विचारलं. "बियरची." बाबांना गल्लीतून उचलून घरी आणलेल्या बायका ह्या, आई. म्हटलं, वाट लागली. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "बापाशीन पिवन घालवल्यान, त्येचा चेडू दारू इकून मिळवता. वायट काय त्येच्यात?" आणि अशा काही हसल्या सगळ्या, की मला रडूच फुटलं.

टाकी आली त्या दिवशी झाडून सगळ्या गाळ्यात हजर. हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, पाणी थेट पाइपांवर! "अहो काकू, सगळं निर्जंतुक केलंय!" मी ओरडले. "मगे परत धू," त्या म्हणाल्या आणि खोबरं वाटायला लागल्या. परत धुतलं. अर्धा दिवस गेला, पण इतकी खूश मी कितीतरी वर्षांत नव्हते.

हे पत्र टाकणार कुठे? लिहिलं, बास. एक मात्र सांगायचं राहिलं. आजचा पहिला ग्लास घरी आणला, तुझ्या फोटोपुढे ठेवायला. धीरच झाला नाही. मग तुझ्याकडे पाठ करून, उभ्याउभ्या मीच प्यायले. फार छान झालीय गं.