टिल्लू वाट सोडतो

सोमवार, ४

आलो एकदाचे नव्या घरी! खोल्या दोनच, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून भरपूर ऊन येतं. टिल्लूने त्या उन्हात लगेच बस्तान मांडलं. मी आपली खोक्यावर बसून चहा प्यायले. ताई म्हणाली, घर बदललंस ते बरं केलंस, तिथल्या भिंती तुला खायला उठायच्या. खरं आहे. माझा लेक बाळू तापात गेला त्याला वर्ष होत आलं. टिल्लू त्याचाच कुत्रा. उद्यापासून चष्म्याच्या दुकानात कामाला जायचं. मालक सज्जन दिसतात. काचा बसवताना मी फार बोलते, एवढीच काय ती तक्रार करतील.

गुरुवार, ७

टिल्लूला नवीच खोड लागलीय. फिरून आलो की मी आत शिरते, आणि हा दारात बाजूला सरकून उभा राहतो. मागून येणाऱ्या कुणाला वाट द्यावी तसा. मग नजर हळूहळू फिरवत सोफ्यापर्यंत नेतो आणि शेपूट हलवतो. संध्याकाळी सोफ्यावर चढला, गोल गोल फिरला आणि कडेला अंग चोरून बसला. मधली जागा मोकळी. मी तिथे टेकायला गेले तर ओढणी दातांत धरून मला मागे ओढलं. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, पाहुणे आलेत, चहा टाक.

रविवार, १०

मधली जागा बाळूची! जुन्या घरी याच सोफ्यावर पाय पसरून तिथेच बसायचा. मला कसं सुचलं नाही? खूप रडले, पण आज रडण्याने छाती हलकी झाली. त्याची उशी तिथे ठेवली. दिवसभर त्याच्याशी बोलत होते, दुकानातल्या गमती सांगितल्या. टिल्लू शेपूट हलवत बघत होता. वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवले.

गुरुवार, १४

टिल्लू खात नाही. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार काही नाही, घाबरलाय. मी म्हटलं, घाबरेल कशाला, सारखी शेपूट हलवतो. कशी हलवतो, त्यांनी विचारलं. मी हाताने करून दाखवलं. खाली, ताठ, जराशीच. त्यांनी टिल्लूच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूशच असतो असं नाही हो. भीतीने गयावया करतानाही हलवतो.

बाळू दिसला की हा अंगावर झेपावायचा. कान चाटायचा. इथे एकदाही—

शनिवार, १६

उशी कपाटात ठेवली होती. दुपारी बघते तर परत सोफ्यावर. मध्ये खोलगट झालेली, कुणी टेकून बसल्यासारखी. टिल्लू सोफा आणि माझ्यामध्ये उभा. थरथरतोय, पण हलत नाही. ताईला ये म्हटलं. उद्या दुपारपर्यंत पोचते म्हणाली.

रविवार, १७, सकाळ

टिल्लू गेला.

माझ्या खोलीच्या दारात पडला होता, तोंड सोफ्याकडे. अंगावर साधा ओरखडा नाही. रात्रभर मला राखत बसला वेडा. बाळूचं जिवंत असं एवढंच उरलं होतं माझ्याकडे. त्याला मांडीवर घेऊन, आतून कडी लावून बसलेय. ताई निघालीय.

दुपार

खोलीच्या दाराबाहेर कुणीतरी आहे. ताई नाही.

हाक मारली. ‘आई.’ आवाज त्याचाच, तापात घसा बसला होता तसा. पण बाळू मला आई म्हणायचाच नाही. चारचौघांत सुद्धा ‘अगं ए’ म्हणायचा. मी रागावायचे, तो हसायचा.

मला कळतंय. सगळं कळतंय.

परत ‘आई’. रडतोय आता. पाणी मागतोय—

टिल्लू, रागावू नकोस रे. तो नाहीच आहे, मला माहितीय. पण आवाज त्याचा आहे, आणि तो तहानेने रडतोय, आणि मी इथे नुसती बसून—

कडी काढते. एकदाच त्याचं तों—