ऋषिराजची गाडी

७ जुलै, सोमवार

ऋषिराज, ऋषिराज, ऋषिराज! कान किटले. आटपाडीकडच्या शिक्षकांचा फोन आला तरी तोच हवा — "आवं मॅडम, ते बारकं सर न्हाईत का? त्यांनी सांगितलेलं लगेच डोक्यात शिरतंय." बारकं सर! मीच शिकवलं त्याला. आमच्याकडे कामाला लागला तेव्हा मोटार कुठली नि सेन्सर कुठला, एवढंही कळत नव्हतं. आता विज्ञानाच्या तासाला रोबोट कसा वापरायचा हे शिक्षकांना तो सांगणार, आणि चार वर्षं एसटीने गावोगाव किटचे खोके वाहणारी मी बघत बसणार!

९ जुलै

आमच्या संस्थेचे प्रमुख भाऊसो सर आज विश्रामबागच्या ऑफिसात बोलले. साताऱ्यात काम सुरू होतंय, तिथला प्रमुख आपल्यातलाच — मी किंवा तो. मंगळवारी दोघांचे वर्ग बघणार.

मला हवंय हे. हवंच आहे.

१० जुलै

डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्याने मला दिली. चांगली होती. त्याचाही राग आला.

१५ जुलै, मंगळवार

सकाळी माझा वर्ग. तिथल्या शिक्षिका उत्कर्षाबाईंनी रोबोट चालवला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. बरा झाला.

दुपारी त्याचा, माधवनगरच्या शाळेत. सातवीचा वर्ग, शिकवायला तानाजी सर, मदतीला ऋषिराज. दोन मोटारींची छोटी गाडी. बटण दाबलं तर जागच्या जागी गरगर फिरायला लागली! मला लगेच दिसलं — एका मोटारीच्या वायरी उलट जोडलेल्या. ऋषिराजने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. होऊ दे फजिती!

तानाजी सर डोकं खाजवत म्हणाले, "आता तुमीच बगा रं, ही अशी का फिरतीया?" पोरं गाडीभोवती आडवी झाली. एक पोरगी ओरडली, "सर, ह्ये चाक उलटं फिरतंय!" तिनेच वायरी बदलल्या. गाडी सरळ पळाली. मग विजेचा प्रवाह, त्याची दिशा — सगळं सरांनी तिथेच, फळ्याला हात न लावता शिकवलं. भाऊसो सर खूश.

करायला गेले एक अन् झालं भलतंच. नुसता जळफळाट!

१८ जुलै

निकाल नाही. तो शीळ घालत फिरतोय.

२१ जुलै, सोमवार

सातारा मला मिळालं.

भाऊसो सर म्हणाले, "ऋषिराजनंच सांगितलं, मॅडमना पाठवा. चूक त्यांना कवाच दिसली होती, पण पोरांना शोधू दिली. म्हणाला, मला न्हाई जमलं असतं गप बसायला." तो शेजारीच उभा होता, मनापासून हसत. साताऱ्याच्या पहिल्या शिबिरात शिक्षकांना मी हे गप बसणंच शिकवावं, असं सरांचं म्हणणं.

मी हो म्हणाले.