लॉरेटाचा फोन

३ जून
पोचलो एकदाचा! खोलीच्या खिडकीतून मिशिगन सरोवर दिसतं आणि काठावर आमचं अणुवीज केंद्र. इंडियानातलं कोळशाचं केंद्र बंद पडलं तेव्हा वाटलं होतं, चाळिशीत आपल्याला कोण घेणार? इथे घेतलं. घरमालकीणबाईंनी गरमगरम बदामाची पेस्ट्री आणून दिली. दोन खाल्ल्या.

११ जून
माझी खुर्ची गॅरिट वेल्डायकच्या शेजारी. तो बावीस वर्षं इथेच आहे. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काय रे कोळशा, हात धुऊन आलास ना?" सगळा नियंत्रण कक्ष हसला. मीही हसलो. माणूस भला आहे. डब्यातला धुरी दिलेला मासा अर्धा मला देतो.
टेबलावर ग्रिडचा थेट फोन आहे. पलीकडे लॉरेटा. ती दोनशे मैलांवर बसून कुठल्या केंद्राने किती वीज द्यायची ते सांगते. आम्ही डगमगलो तर तीन राज्यांत अंधार. आवाज असा, की आकडे सांगतानाही माणसाने ऐकत राहावं.

२९ जून
मी फोन उचलला की लॉरेटा म्हणते, "गॅरिटला दे ना जरा." रोज. आज मी मुद्दाम आधीच सगळे आकडे तयार ठेवले, धडाधड सांगितले. ती म्हणाली, छान. आणि गॅरिटला मागितलं. तो तिला खळखळून हसवत होता. काय बोलला कोण जाणे. मासा मी घेतला नाही.

१७ जुलै
आठवडाभर भयंकर उकाडा. घरोघरी एसी, आणि दोन केंद्रं बंद पडलेली. सारा भार आमच्यावर. त्यातच सरोवरातून पाणी आत येतं तिथल्या फिरत्या जाळ्या मेलेल्या माशांनी तुंबल्या. लॉरेटा म्हणाली, अर्धा तास तग धरा, दवाखाने आहेत या तारांवर.
गॅरिट जाळ्यांजवळच्या पंपघरात गेला. तिथून मला फोन केला: "दोन नंबरच्या जाळीत ओंडका अडकलाय, उतरतोय. विल्माला सांग, सुरू करू नका."
विल्मा बाउमा म्हणजे आमची पाळीप्रमुख. मी तिला सांगणारच होतो. तेवढ्यात दुसऱ्या फोनवर लॉरेटा. "गॅरिट कुठंय? त्याच्याशीच बोलायचंय."
विल्मा कक्षाच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडली, "दोन नंबर फिरवते! आत कोणी नाही ना?"
मी म्हणालो, नाही.
ग्रिड टिकलं.

१९ जुलै
गॅरिटच्या मृत्यूची चौकशी. तो न कळवताच उतरला, असा निष्कर्ष निघाला. पंपघरातल्या फोनवरचं बोलणं टेपवर जात नाही. विल्मा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. बटण तिने दाबलं होतं. मी तिला पाणी दिलं.
लॉरेटाला मीच कळवलं. ती तासभर रडली म्हणे, माझ्यापाशी नाही. माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.

३० जुलै
गॅरिटची खुर्ची मला मिळाली. लॉरेटा माझ्याशी बोलते. आकडे, फक्त आकडे. नाव विचारलं नाही अजून.

२ ऑगस्ट
सकाळी तिचा फोन. आवाज हलका, हसरा. म्हणाली, भार किती ते आत्ताच कळलं, तुमच्याकडून फोन आला होता. मी विचारलं, कोणाचा? तिने फोन ठेवला.
विल्माने नोंदी पाहिल्या. फोन पंपघरातून गेलेला. तिथे कुलूप आहे. किल्ली तिच्याच खिशात.

४ ऑगस्ट
आज पुन्हा. टेबलावरच्या फोनवर पंपघराचा दिवा लागला; मी हळूच रिसीव्हर उचलला. ती हसत होती. खळखळून. तसंच. आणि तो — आवाज पाण्यातून येतो तसा —
मेल्यावरही तिला तोच हवा. भीती वाटायला हवी होती. मला राग आला.

५ ऑगस्ट
विल्माला ऐकायला दिलं. तिला फक्त खरखर ऐकू आली. सुट्टी घे म्हणाली. घेणार नाही. खुर्ची माझी आहे.

६ ऑगस्ट
दुपार. विल्मा जेवायला गेली. दोघं बोलताहेत. रिसीव्हर कानाशी धरून लिहितोय. लॉरेटाने विचारलं, तू उतरलास ते कोणाला सांगितलं नव्हतंस का रे?
तो सांगतोय. हळूहळू. सगळं —
तिने सगळं ऐकलं.
बोल ना.
आता बोलली. माझं नाव घेतलं. पहिल्यांदाच. "क्लिफर्ड," म्हणाली, "तो म्हणतो, मागे वळून बघ, तो आलाय तुझ्या —"
फरशीवर पाणी