शिट्टी अजून माझ्याकडेच आहे

प्रिय अहो,

‘प्रिय’ लिहिताना हात जरा अडखळला. उभ्या जन्मात मी तुम्हाला तसं म्हटलं नाही, आणि तुम्हीही मला ‘ऐकलंस का’च्या पुढे कधी गेला नाहीत. पण घरात विचारायला दुसरं कोण आहे? म्हणून लिहायला बसले. शुद्धलेखनाकडे बघू नका. सातवीत शाळा सुटलेली बाई मी, तुमच्या पेपरातलं खेळाचं पान चाळून चाळून वाचायला शिकले, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. वागळे इस्टेटमधली ड्युटी संपवून तुम्ही रोज संध्याकाळी विठ्ठलवाडीच्या ज्या मंडळात पोरांना कबड्डी शिकवलीत, त्या मंडळाने तुमच्या नावाने स्पर्धा ठेवली आहे. परवा आपले अध्यक्ष, दळवी भाऊजी, बॅनर दाखवायला आले. एका बाजूला तुमचा फोटो, दुसऱ्या बाजूला आपला केदार, आणि मधे ही मोठी अक्षरं, ‘गुरू आणि शिष्य’.

“वहिनी, तुम्ही फक्त स्टेजवर यायचं आणि मास्तरांची शिट्टी केदारच्या गळ्यात घालायची. फोटो झकास येईल.”

मला तिथेच वास आला. दूध खाली लागलं की येतो तसा. केदारला शिट्टी देण्याची एवढी घाई आत्ताच का? इतकी वर्षं तो टीव्हीवर खेळतोय, टिटवाळ्याच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतलाय, तेव्हा कुणाला गुरू-शिष्य आठवले नाहीत. आणि दोन सामने बाहेर बसवल्यावर आठवले?

हो, बाहेर बसवलं. तुम्ही असतात तर टीव्हीच बंद करून ठेवला असतात.

झालं असं. हरियाणाचा रोहताश नावाचा मुलगा चढाईला आला होता. केदारने कोपऱ्यातून त्याचा घोटा धरला. पण तो पोरगा चिवट, तोंडाने ‘कबड्डी कबड्डी’ सुरूच, आणि हात मध्यरेषेपासून वीतभर राहिलेला. केदार त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. टीव्हीवर फक्त ‘टूंऽऽ’ ऐकू आलं. त्या पोराचा दम तुटला. तो मागे वळून ओरडला आणि पंचांनी बाद दिलं. गुण केदारच्या संघाला. मग तो पोरगा केदारच्या अंगावर धावून गेला, सगळे मधे पडले. मॅटजवळच्या माइकने बोलणं पकडलेलं, म्हणून शिक्षा झाली.

दुसऱ्या दिवशी केदारचा माफीचा व्हिडिओ आला. पांढरा शर्ट, हात जोडलेले. “सामन्याच्या जोशात, भावनेच्या भरात माझ्या तोंडून अपशब्द गेला.”

डेअरीवर गेले तर दूधवाला म्हणतो, “आईवरून दिली असेल काकी, सगळेच देतात.” दळवी भाऊजीही तेच, “खेळात चालतं वहिनी.” जो तो आईवरून, आईवरून. इतक्या लोकांनी एकच गोष्ट इतक्या पटकन सांगितली की मी आधी दाराची कडी तपासते. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही रीत मला नवी नाही.

सुनीताला डोंबिवलीहून बोलावून घेतलं. म्हटलं, मला ते परत लावून दे. लेक वैतागली. “आई, किती वेळा बघशील?” मला केदारचा चेहरा बघायचा होता. बोलून झाल्या झाल्या त्याने पंचांकडे पाहिलं. त्या पोराकडे नाही. दम तुटलेला पंचांच्या ध्यानात आला का, एवढंच त्याला बघायचं होतं. अहो, भावनेच्या भरात बोललेला माणूस असा कुठे बघतो? हा तर भाकरी टाकून ती फुगते का ते बघणाऱ्या बाईसारखा बघत होता.

 पोरगं आपल्या ओट्यावर वाढलं, आपल्या ताटात जेवलं. त्याच्यावर संशय घेताना स्वतःचीच लाज वाटते. पण संशय काही वाटीखाली झाकून राहत नाही.

तुमची ती रीत आठवते? मैदानात शिवी दिली की त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी यायचं, नळावरून बादल्या आणून अख्ख्या लाल मातीवर पाणी मारायचं, रोलर ओढायचा. आणि त्या ओल्या मातीवर पहिली चढाई कुणी करायची? ज्याला शिवी दिली त्याने. माफीचं नाव काढायचं नाही. “तोंडाने केलेली घाण तोंडाने निघत नाही,” तुम्ही म्हणायचात, “हाताला काम द्या.” केदार मंडळात आला त्या वर्षी मैदानावर धूळ म्हणून उडाली नाही, ती त्याच्या तोंडाच्या कृपेने. चाळीतल्या बायका म्हणायच्या, हा पोरगा अजून थोडा शिवराळ असता तर आपल्या अंगणातही पाणी पडलं असतं.

पण एक सांगू, रागावणार नसाल तर? “पाय नंतर धर, आधी त्याचा दम मोड,” हे त्याला कुणी शिकवलं? तुम्हीच ना. दम कशाने मोडायचा ते सांगितलंत. कशाने मोडायचा नाही, ते सांगायचं राहिलं का? का सांगितलंत आणि त्याने कानाआड केलं? हे मी आता कुणाला विचारू?

काल दुपारी तो आला. टिटवाळ्याचे पेढे घेऊन.

“काकी, बारीक झालात.”

“तू नाही झालास. बस, कुळथाची पिठी आहे.”

आधी जेवायला वाढलं. पोट भरलेला माणूस खोटं कमी बोलतो, असं तुम्ही म्हणायचात. मला ते कधी पटलं नाही, पण वाढलं.

“व्हिडिओ बघितलात ना काकी? टीमने लिहून दिलेला, पण मी मनापासून बोललेलो.”

“लिहून दिलेलं मनापासून कसं रे बोलतात?”

“म्हणजे, वाचताना तसंच वाटत होतं.”

“काय म्हणालास त्या पोराला?”

“जाऊ द्या ना काकी. घाण शिवी होती. तुमच्यासमोर कशी सांगू?”

“केदार, मी चाळीत राहिलेली बाई आहे. नळावरच्या भांडणात ज्या शिव्या ऐकल्यात त्या तुझ्या टीमला लिहूनही घेता येणार नाहीत. बोल.”

तो भात नुसता बोटांनी दाबत राहिला. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले, परत आले, तरी भात तसाच.

“शिवी नव्हती,” तो म्हणाला.

मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्याच्यासमोर बसले. 

“त्याचे वडील गेलेले, लीग सुरू व्हायच्या आधी. आम्ही एका कॅम्पला होतो काकी. माझ्यासमोर फोन आलेला त्याला. माझ्याच खांद्यावर रडलेला. गावच्या शेतात वडिलांनीच खेळायला शिकवलेलं त्याला.”

“आणि तू त्यांच्यावरून बोललास.”

“हो.”

“जोशात?”

“नाही.” मान वर केली नाही त्याने. “दम मोडत नव्हता त्याचा. मला माहीत होतं कशाने मोडेल.”

मग तो काय बोलला ते त्याने सांगितलं. ते शब्द मी इथे लिहीत नाही. हे पत्र जिकडे पोचायचं तिकडे तो बापही असेल.

अहो, मला वाटलं होतं, खरं कळलं की बरं वाटेल. कसलं काय. संशय खरा ठरण्यासारखी वाईट गोष्ट नाही. आईवरून शिवी दिली असती तर दोन धपाटे घालून मी मोकळी झाले असते.

“मास्तर असते तर मारलं असतं ना?” त्याने विचारलं.

“मास्तरांनी कधी कुणाला मारलंय? बादली दिली असती.”

“आता मॅट आहे काकी. पाणी कुठे मारू?”

 खरंच, मंडळात आता पत्र्याच्या शेडखाली मॅट आहे. नळाजवळ तेवढी लाल मातीची पट्टी उरलीय आणि तिथे तुमचा रोलर गंजत पडलाय. मी त्याचं ताट उचललं, हात धुवायला पाणी दिलं, तेव्हा कुठे उत्तर सुचलं.

“मॅट तुमच्या मैदानात आलं. त्या रोहताशच्या आईचं अंगण अजून मातीचंच असेल. तिकडे जा. टीमला सांगू नको, मोबाईलवाल्याला सोबत नेऊ नको. आणि जोडलेले हात घेऊन जाऊ नको, ते फार झाले.”

“आणि परवाचा कार्यक्रम? दळवीकाका...”

“दळवींचं मी बघते.”

तो शिट्टीकडे बघत होता. देवघराशेजारच्या खिळ्यावर आहे तीच, काळ्या दोरीची. मी मुद्दाम त्या बाजूला उभी राहिले.

तो गेल्यावर दळवी भाऊजींना फोन लावला. ते तर हबकलेच. “वहिनी, बॅनर छापून झालेत. पाहुणे केदारसाठी येणार. अहो, मास्तरांच्या पुण्याईने पोराचं नाव धुऊन निघेल, तुम्ही आड का येता?”

“भाऊजी, मास्तर काय साबण आहेत?”

 ते म्हणाले, “तसं नाही हो.” म्हणजे तसंच होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. केदारने एका गेलेल्या माणसाला मॅटवर ओढलं. आणि ही आपली माणसं दुसऱ्या गेलेल्याला बॅनरवर ओढायला निघाली. कारण दोघांनाही पक्कं ठाऊक, गेलेला माणूस उलटून बोलत नाही. आता तुम्ही म्हणाल, तू तरी काय करतेस, मलाच पत्रात ओढतेस. पण मी तुम्हाला भांडायला बोलावते आहे, कुणाची धुणी धुवायला नाही.

भाऊजी कबूल झालेत. केदारच्या फोटोवर कागद चिकटवणार म्हणाले. मला भरवसा नाही. सकाळी जाऊन स्वतः बघेन, आणि बरोबर घरातली खळही नेईन.

आज सकाळी केदारचा फोटो आला. कल्याण स्टेशन, पाठीवर बॅग. खाली लिहिलंय, ‘निघालो काकी.’ आता हा फोटो आजचाच कशावरून? मी लगेच फोन केला. मागे गाडीची घोषणा ऐकू येत होती. सुनीता म्हणते, “आई, आता तरी विश्वास ठेव.” कसा ठेवू? ज्या पोराने खांद्यावर रडणाऱ्याचं दुःख जपून ठेवलं आणि वेळेला हत्यारासारखं काढलं, त्याच्या एका फोटोवर? दुधाने तोंड पोळलंय माझं. तरी डब्यात थालीपीठं करून दिली असती, असं दिवसभर मनात येतंय. नुसता उपाशी जाईल मेला, एवढ्या लांब.

तर आता माझा शब्द ऐका. उद्या स्पर्धेची शिट्टी मीच वाजवणार. दुपारी स्वयंपाकघरात एकदा वाजवून पाहिली, तर शेजारून आवाज आला, “काकी, कुकर झाला, गॅस बंद करा.” म्हणजे जमतंय. शिट्टी केदारला मिळेल, पण त्याच्या फोटोने नाही आणि त्याच्या सांगण्याने तर नाहीच. त्या घरच्या माउलीशी मी फोनवर माझ्या मोडक्या हिंदीत बोलेन. तिला दोनच गोष्टी विचारेन. अंगणात पाणी कुणी मारलं? आणि त्या ओल्या मातीवर पहिली चढाई कुणी केली? उत्तर पटलं, तर खिळ्यावरून काढून माझ्या हाताने त्याच्या गळ्यात घालेन. नाही पटलं, तर शिट्टी माझ्याबरोबरच तिकडे येईल, तुम्ही घेऊन बसा.

आणि तुम्हीही एक करा. तिकडे तो बाप भेटला, तर ‘आमच्या पोराचं चुकलं’ म्हणत बसू नका. सकाळी लवकर उठा आणि त्याच्या दारात बादलीभर पाणी मारा.

तुमची,
‘ऐकलंस का’