अंगणातली खाच

मी, सुंदरा दत्ता ऐनकर, वय वर्षे सदुसष्ट (आधार कार्डावर चौसष्ट आहे, ते चूक आहे), धंदा कोबा काम, राहणार दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, आज खालापूर येथे वकील संजना मॅडम यांच्या ऑफिसात बसून, पूर्ण शुद्धीत, कुणी दटावलेलं नसताना, स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. कर्जतलाही वकील आहेत, पण तिथे सकाळी सांगितलेलं दुपारपर्यंत बाजारात पोचतं, म्हणून इतक्या लांब आले. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला खरा आहे, पण गेले पंधरा दिवस माझ्या डोक्यात नुसता गोंधळ चालला आहे आणि तोही इथे यावा असं माझं म्हणणं आहे. मॅडम म्हणाल्या, मृत्युपत्रात गोंधळ लिहीत नाहीत. मी म्हटलं, मृत्युपत्र माझं आहे, तुम्ही लिहा.

कलम १. माझे पती दत्ता ऐनकर वारून एकवीस वर्षं झाली. मला एक मुलगा जितेश व एक मुलगी सुप्रिया, खोपोलीला दिलेली. दुसरं कुणी वारस नाही. कुणी पुढे येऊन मी मानलेला भाऊ, मी मानलेला मुलगा असं म्हणू लागलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

कलम २. दहिवलीचं राहतं घर, खालची दोन खणांची जागा आणि वरची खोली, हे जितेशला. वरच्या खोलीत तो आणि माझी सून समीक्षा आत्ताही राहतातच. बँकेत जे असेल ते दोघा भावंडांनी निम्मं निम्मं घ्यावं. माझी बोरमाळ सुप्रियाला. समीक्षाला पाटल्या. पाटल्या तिला सैल होतील, पण सोनाराकडे नेऊन लहान करू नयेत, तिचं अंग भरेल तेव्हा बसतील.

कलम ३. घराच्या पुढचं अंगण. माझ्या भिंतीपासून बारा फूट रुंद आणि...

इथे मी थांबले. मॅडमनी विचारलं, बारा फुटांचा काही कागद आहे का. मी म्हटलं, हे कलम उघडं ठेवा, आधी हत्यारांचं घेऊ.

कलम ४. हत्यारं. दोन थाप्या, कोबा सपाट करायचा लाकडी गुरमाळा, लाइनदोरी, सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आणि गुडघ्याखाली घ्यायच्या दोन फळ्या. हे सगळं बुधीला. बुधी डोंगरावरच्या वाडीतली, माझ्याबरोबर अठरा वर्षं काम केलं. आधी घमेली वाहिली, मग हळूहळू माझ्या शेजारी फळीवर बसायला लागली. जितेशला हत्यारं देऊन उपयोग नाही. तो टेंपो चालवतो आणि थापीने टेंपोचा चिखल खरवडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

खाच पाडायचं हत्यारही बुधीलाच. मॅडमना ते काय असतं ते माहीत नव्हतं, म्हणून इथे सांगते. वीतभर पोलादी पट्टी, वर लाकडी मूठ, आणि पट्टीच्या पोटाला मधोमध एक इंच उंचीचं पातं. ओल्या काँक्रीटवर पट्टी लावून ते ओढलं की सरळ रेघेत खाच पडते. आमच्या ह्यांनी भिसेगावच्या एका लोहाराकडून टेंपोच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं करवून घेतलं होतं. ते गेल्यावर मी धरलं. तेव्हा साइटवर बायका फक्त घमेली वाहायच्या. एका कंत्राटदाराने विचारलं, बाई, मिस्त्री कधी येणार. मी म्हटलं, आलाय, आता मला काम करू दे.

काँक्रीट सुकताना आक्रसतं. आक्रसलं की ते तडकणारच, कुणाच्या बापाला थांबवता येत नाही. म्हणून आपण आधीच खाच मारून ठेवायची, म्हणजे तडा खाचेच्या तळाला जातो आणि वरून दिसत नाही. चार इंची कोब्याला इंचभर खोल खाच, दर सहा-आठ फुटांवर. आणि जिथे कोब्यात कुठला कोपरा घुसलेला असेल, खांबाचा, कट्ट्याचा, टाकीचा, तिथून खाच काढायचीच, कारण तडा पहिला त्या कोपऱ्यातून निघतो. वेळही साधावी लागते. लवकर मारली तर कडा ढासळतात, उशीर झाला तर पातं शिरत नाही. अंगठा टेकवून बघायचा. ठसा उठला पाहिजे आणि बोटाला काही लागता कामा नये. बुधीचा अंगठा माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी तिला कधी सांगितलं नाही. आता दुसऱ्या दिवशी मशीनने कापतात. बंगलेवाल्यांना तेच आवडतं. आवडू दे.

कलम ५. आता अंगण. हे सांगताना माझं पुढचं-मागचं होईल, मॅडमनी जुळवून घ्यावं.

माझ्या घरासमोर माझ्या धाकट्या दिराचं घर. दीर नामा, जाऊ विमल. दोन घरांमधलं अंगण वीस फूट. वाटणी तोंडी झाली होती, दहा फूट आमचं, दहा फूट त्यांचं, मधोमध एक हद्दीचा दगड. दोन हजार अकरा साली दोघांनी मिळून अख्ख्या अंगणाला कोबा करायचं ठरवलं. भराव घालताना दगड काढला. सगळे घरचेच होते, कुणाला काही वाटलं नाही. नामाची पाण्याची टाकी अंगणात आहे, तिचा कोपरा माझ्या भिंतीपासून बारा फुटांवर येतो. मी त्या कोपऱ्यातून खाच काढली. दुसरी सहा फुटांवर. काँक्रीटला जिथे हवी होती तिथे मारली. हद्दीचा विचार माझ्या मनातही नव्हता, हे मी शपथेवर लिहून देते.

पण लोकांना अंगणात सरळ रेघ दिसली की हद्द वाटते. झाडताना विमल टाकीकडच्या खाचेपर्यंत झाडायची, मी अलीकडचं झाडायची. दोन-चार वर्षांत तीच हद्द झाली. मला ते कळत होतं. मी म्हटलं, झाडण्यापुरतं आहे, बोलून कशाला वाईटपणा घ्या.

मग जितेशच्या लग्नाच्या वर्षी वरची खोली बांधली आणि जिना बाहेरून काढावा लागला. दहा फुटांत जिना उतरवला तर दारात यायला वाट उरत नव्हती. बारा फुटांत बरोबर बसत होता. गवंड्याने खाचेला लावून जिना उभा केला. नामा आला आणि म्हणाला, "वयनी, हद्द खाचेवर नाय. खाचेच्या तुमच्या बाजूला दोन फूट हाय." जितेश तापला. गावातली पाच वडीलधारी माणसं अंगणात बसवली. कागद कुणाकडेच नव्हता. त्यांनी मला विचारलं, "सुंदरा, खाच तू मारलीस. कुठं मारलीस?"

मी म्हटलं, हद्दीवर.

एवढंच बोलले. माझ्या कामाची गावात पत होती. खाच जिने मारली तिलाच ठाऊक, असं म्हणून सगळे उठले. नामा माझ्याकडे बघत राहिला. त्यानंतर सहा वर्षं जगला, माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. गावात त्याला हसायचे, दोन फुटांसाठी वहिनीला खोटी पाडायला निघाला होता म्हणायचे. मीही ऐकायची आणि गप्प बसायची. विमल मात्र येत राहिली. वाटीभर साखर न्यायची, कालवण आणून द्यायची, माझा पाय मुरगळला तेव्हा महिनाभर पाणी तिने भरलं.

पंधरा दिवसांपूर्वी सरकारी मोजणीवाले सांगून गेले, हद्दी चुन्याने आखून ठेवा, जागेचे कागद होणार आहेत. जितेशने चुना आणला आणि खाचेवरून ओढला. माझ्या हाताची खाच, वर पांढरी फक्क रेघ. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. बोलावं तर पोराचा जिना जातो. न बोलावं तर खोटं कागदावर चढतं आणि कायमचं होतं. जितेशला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "आई, नामाकाका गेला. आता कशाला उकरतेस? काकी काय बोलली का तुला?" काकी काही बोलली नाही, हेच तर मला सोसत नाही. एक मन म्हणतं, नामा मेला, आता कुणाला सांगायचं. दुसरं म्हणतं, नामा मेला म्हणूनच सांग. रोज सकाळी एक ठरवते, जेवणापर्यंत दुसरं.

तरी लिहून ठेवते. माझं अंगण माझ्या भिंतीपासून दहा फूट, बारा नव्हे. वरचे दोन फूट विमल नामा ऐनकर हिचे होते आणि आहेत. ते मी तिला देत नाही, ते तिचेच आहेत. जिना तिच्या जागेत आहे. तो ठेवायचा की पाडायचा हे ती ठरवेल. जितेशने तिच्याकडे स्वतः जाऊन विचारावं, समीक्षाला पुढे घालू नये.

हे मी हयात असताना कुणाला दाखवू नये. मी भित्री बाई आहे. मेल्यावर जे बोलायचं ते बोलू देत.

कलम ६. माझं दिवसकार्य साधं करावं. वर नमूद केलेल्या कंत्राटदाराने हार आणला तर घ्यावा, पण त्याला बोलायला उभं करू नये.

कलम ७. हे कलम आज, सह्यांच्या वेळेला वाढवलं आहे. आधीचं काही खोडलेलं नाही.

साक्षीला म्हणून मी घरून दोघींना घेऊन आले होते, विमलला आणि बुधीला. माझा विश्वास त्या दोघींवरच. साक्षीदाराला आतला मजकूर वाचायला देत नाहीत, नुसती माझी सही बघितली की झालं, असं मला मॅडमनी फोनवर सांगितलं होतं. त्यामुळे मी निर्धास्त होते. दोघी बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. मॅडमनी त्यांना आत बोलावलं, नावं विचारली आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघी साक्षीदार चालणार नाही. यात तुमचं हित आहे."

बुधी हसली. "सुंदराबायनी मला हत्यारं दिली असंल," म्हणाली. विमल म्हणाली, "माझं कसलं हित?"

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. खोटं बोलायला एक शब्द पुरला होता, इथे एकही येत नव्हता. शेवटी मी म्हटलं, वाचून दाखवा तिला. मॅडमनी कलम पाच सगळं वाचलं. विमल उभ्या उभ्याच ऐकत होती. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, नाहीतर रडेल, नाहीतर जिना पाडते म्हणेल. तिने जागेचं नावही काढलं नाही. ती म्हणाली:

"पंच उठून गेल्यावर हे घरात आले. मला म्हनले, विमल, तू तरी माझं ऐक, दगड कुठं व्हता ते मला ठावं हाय. मी म्हनलं, जाऊ द्या आता, वयनी खोटं बोलायची नाय. त्यानंतर त्यांनी मला परत कधी सांगितलं नाय."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो काढून घेतला आणि पिशवी उचलून स्टँडकडे चालत गेली. बुधी तिच्या मागे गेली. मी खिडकीतून बघत होते.

मला आता काय वाटतं हे मला नीट सांगता येत नाही. मी समजत होते की दोन फूट जागा घेतली. तिच्या घरात माझ्यामुळे काय झालं ते मला माहीतच नव्हतं. माझ्या शब्दावर तिने नवऱ्याला खोटं ठरवलं आणि सहा वर्षं तो तिच्यासमोर जेवायला बसत राहिला. हे कुठल्या कलमात घालायचं, ते मॅडमनाही ठाऊक नाही.

एवढं मात्र ठरलं. कलम पाच मी मेल्यावर लागू होणार नाही, आजपासून लागू आहे. मॅडम म्हणतात, कायद्यात तसं बसत नाही, मृत्युपत्र मेल्यावरच चालतं. तर मग कायदा बाजूला राहू दे. त्या पाच जणांपैकी तिघं अजून आहेत. उद्या सकाळी मी त्यांना त्याच अंगणात बोलावणार आहे, जितेशला उभं करणार आहे, विमल आली तर तिच्यासमोर आणि नाही आली तर तिच्या दारात उभी राहून, तिला आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगणार आहे की नामा खरं बोलत होता.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी तो ऐकला, मान्य आहे. खाली माझ्या हाताने सही करते. सही सातवी पास बाईची आहे, वेडीवाकडी दिसली तरी खरी समजावी.

सही: सुंदरा दत्ता ऐनकर

साक्षीदार, ज्यांचं यात कसलंही हित नाही व ज्यांनी माझी सही समक्ष पाहिली:

१. किरण जना पारधी, झेरॉक्सचं दुकान, खालापूर
२. विकास धाऊ वाघ, चहाची टपरी, खालापूर

ठिकाण: खालापूर, जि. रायगड
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार