सहीच्या वरची कोरी जागा

मंगळवार, संध्याकाळ

आज आमच्या घरकुल वसाहतीत बैठक झाली. नगरपालिकेचे साहेब म्हणाले, "वसाहत तुमची, काय सुधारायचं ते तुम्हीच सांगा." सगळ्यांनी तुंबलेलं गटारच सांगितलं. पण रजिस्टरवर सह्या आधीच घेतल्या होत्या, अन् वरचं अर्धं पान कोरं! तिथं आता काय लिहितील? गटार? का परवा साहेबांची माणसं जिच्यासाठी मापं घेऊन गेली, ती वसाहतीची कमान?

शेजारच्या रुक्सानाखालांनी अंगठा लावलाच न्हाय. म्हणाल्या, "आधी वर लिहा, वाचून दाखवा, मग लावते." साहेब नुसते हसले.

खालांना अक्षर येत न्हाय. मी बारावी पास, अन् त्या कोऱ्या जागेखाली पहिली सही माझी.